गोळीऐवजी दंडावर लावायची गर्भनिरोधक पट्टी पुण्यात राहून वापरता येईल का?

रानजाई

नमस्कार. माझे वय २९ वर्षे आहे, लग्नाला तीन वर्षे झाली आहेत आणि आणखी दोन वर्षे तरी मूल नको, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. गेले वर्षभर मी गर्भनिरोधक गोळ्या घेत आहे, परंतु हिंजवडीतील माझ्या नोकरीत दर पंधरवड्याला शिफ्ट बदलते आणि रोज ठरावीक वेळी गोळी घेणे काही केल्या जमत नाही. रात्रपाळी संपवून सकाळी कोथरूडला घरी पोहोचले की आधी झोप लागते, आणि दुपारी जाग आल्यावर कालची गोळी पाकिटात तशीच असल्याचे लक्षात येते. मागच्या तीन महिन्यांत असे चार वेळा झाले आणि प्रत्येक वेळी पाळी येईपर्यंतचे दिवस मी अतिशय काळजीत काढले.

दुसरी अडचण अर्धशिशीची आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा माझे डोके उठते. त्याआधी पंधरा-वीस मिनिटे डोळ्यांसमोर नागमोडी, चमकत्या रेषा येतात आणि संगणकावरील ओळीचा अर्धा भाग दिसेनासा होतो. मग एका बाजूचे डोके दुखू लागते आणि उलट्या होतात, त्यामुळे त्या दिवशीची गोळी पोटात टिकली की नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. शाळेत असल्यापासून हा त्रास असल्यामुळे त्याचे मला आता विशेष वाटत नाही. गोळी उलटून पडते, एवढीच काय ती चिंता.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला राहते आणि ती दोन वर्षांपासून आठवड्यातून एकदा बदलायची गर्भनिरोधक पट्टी वापरते. रोजची आठवण ठेवावी लागत नाही आणि उलटी झाली तरी औषध वाया जात नाही, असे तिने सांगितल्यापासून हीच सोय आपल्याला हवी होती, असे मला वाटू लागले आहे. ती नाताळच्या सुट्टीत पुण्याला येणार असून माझ्यासाठी सहा महिन्यांच्या पट्ट्या आणण्याची तिची तयारी आहे. आमच्या भागातील तीन औषधांच्या दुकानांत मी चौकशी केली. दोन ठिकाणी अशी पट्टी नसल्याचे सांगितले, आणि तिसऱ्या ठिकाणी मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या काकूंना पाहून मी प्रश्न अर्धवट सोडून बाहेर पडले.

ही पट्टी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातील घामात टिकते का, बहिणीने आणलेली पट्टी थेट सुरू करता येईल का, आणि ज्यांनी ती प्रत्यक्ष वापरली आहे त्यांचा अनुभव काय आहे, हे कृपया सविस्तर सांगावे.

तगर

रानजाई, मी इंग्लंडमध्ये असताना दोन वर्षे ही पट्टी वापरली आणि पुण्याला परतल्यावरही काही महिने वापरली, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव सांगू शकते. तिकडे सरकारी आरोग्यसेवेत गर्भनिरोधनाची साधने विनामूल्य मिळतात. मला ती देण्यापूर्वी परिचारिकेने रक्तदाब मोजला, वजन घेतले आणि बराच वेळ प्रश्न विचारले होते.

पट्टी साधारण पावणेदोन इंच लांबी-रुंदीची, पातळ आणि फिकट रंगाची असते. गव्हाळ कातडीवर ती उठून दिसते, त्यामुळे बिनबाह्यांच्या कपड्यांतून कोणाला दिसू नये असे वाटत असेल तर दंडाऐवजी नितंबावर किंवा पाठीच्या वरच्या भागावर लावावी. पोटावरही लावता येते, स्तनांवर मात्र कधीही लावायची नाही. पोटाच्या बाबतीत एक गोष्ट मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नाही. साडी नेसल्यावर परकराची नाडी नेमकी पट्टीच्या कडेवर येते आणि दिवसभराच्या घासण्याने कड सुटू लागते. सलवारीच्या नाडीचेही तसेच होते.

तीन आठवडे दर आठवड्याला एक पट्टी आणि चौथा आठवडा मोकळा, असा क्रम असतो. त्या मोकळ्या आठवड्यात पाळी येते. माझा वार बुधवार होता. जुनी पट्टी काढायची आणि नवी थोड्या वेगळ्या जागी लावायची, म्हणजे तीच कातडी पुन्हा पुन्हा चिघळत नाही. पहिले दोन महिने स्तन बरेच दुखले आणि मधूनमधून डागही दिसले, पण पुढे दोन्ही थांबले. कडेला कपड्यांचे तंतू चिकटून काळपट चौकट तयार होते. ती दिसायला वाईट दिसते, पण त्याने औषध कमी होत नाही.

तुम्ही उन्हाळ्याचे विचारले आहे. घामाने माझी पट्टी कधी सुटली नाही. सिंहगड चढून आले तरी ती जागेवर असे. सुटायचे खरे कारण घाम नसून तेल आहे. पुण्यात परतल्यावरच्या पहिल्या दिवाळीत मी पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान केले आणि तासाभराने त्याच अंगावर नवी पट्टी लावली. ती संध्याकाळपर्यंत निम्मी उचलली गेली होती. लावण्याच्या जागी तेल, क्रीम, पावडर यांपैकी काहीही असता कामा नये. कातडी धुऊन पूर्ण कोरडी करावी, पट्टी तळहाताने दहा सेकंद दाबून धरावी आणि मग कडांवरून बोट फिरवावे. पुढे रोज आंघोळीनंतर ती जागेवर आहे ना, हे पाहावे.

हे रोजचे पाहणे मी एकदा चुकवले. टिळक तलावावर पोहून आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पट्टी नसल्याचे माझ्या लक्षात आले आणि ती केव्हा पडली, हे सांगता येईना. पट्टी सुटून २४ तास झाले नसतील तर तीच परत चिकटवावी, ती चिकटत नसेल तर नवी लावावी, आणि बदलण्याचा वार तोच ठेवावा. २४ तासांहून अधिक काळ गेला असेल, किंवा किती गेला हे ठाऊकच नसेल, तर त्या दिवसापासून नवे चक्र धरून सात दिवस कंडोम वापरावा लागतो. मी तसे केले. तुमची रोजची आठवण या पट्टीने वाचेल हे खरे, पण रोज एकदा पाहण्याची सवय तिलाही लागतेच.

माझी खरी अडचण पुढे झाली. मी सहा महिन्यांच्या पट्ट्या बरोबर आणल्या होत्या आणि त्या संपेपर्यंत येथे सोय होईल असे गृहीत धरले होते. ती झाली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती औषध मागवत राहणे किती बेभरवशाचे असते, ते तेव्हा कळले. कोणाचे तिकीट पुढे गेले, कोणी डबा घरीच विसरले, आणि शेवटी एका महिन्यात मोकळा आठवडा सातऐवजी सोळा दिवसांचा झाला. त्यानंतर मी तांबी (कॉपर टी) बसवून घेतली.

प्राजक्त

मी स्त्रीरोगतज्ज्ञ असून पुण्यातच व्यवसाय करते. तगर यांनी वापराविषयी लिहिलेले सर्व बरोबर आहे, परंतु रानजाई, तुमच्या प्रश्नातील दुसऱ्या परिच्छेदामुळे मला आधी निराळ्या गोष्टीविषयी लिहावे लागत आहे.

डोके दुखण्यापूर्वी नागमोडी, चमकत्या रेषा दिसणे आणि दृष्टीचा काही भाग काही मिनिटांसाठी जाणे, या लक्षणाला वैद्यकात ‘ऑरा’ म्हणतात. तुम्ही जे वर्णन केले आहे ते ऑरासह अर्धशिशीचे असावे, असे मला वाटते. अशा अर्धशिशीत मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन पक्षाघात होण्याची शक्यता मुळातच थोडी अधिक असते आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधकाने ती आणखी वाढते. तुमच्या वयात हा धोका प्रत्यक्षात कमीच आहे, म्हणून घाबरून जाऊ नका. परंतु परिणाम गंभीर आणि कायमचा असू शकतो, आणि तितकीच चांगली इतर साधने उपलब्ध असताना तो पत्करण्याचे काहीही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीसाठी, तिचे वय काहीही असो, इस्ट्रोजेनयुक्त गोळी, पट्टी आणि योनीत ठेवायचे कडे ही तिन्ही चौथ्या श्रेणीत, म्हणजे ‘वापरू नये’ या श्रेणीत येतात.

ही पट्टी म्हणजे गोळीपेक्षा वेगळे औषध, असा समज फार जणींचा असतो आणि तो चुकीचा आहे. तुमची बहीण वापरते त्या प्रकारच्या पट्टीत बहुधा नॉरेलजेस्ट्रोमिन आणि एथिनिल इस्ट्राडायॉल ही दोन संप्रेरके असतात. त्यांतील दुसरे म्हणजे इस्ट्रोजेनच, आणि ते तेच आहे, जे आपल्या सरकारी माला-एन गोळीत ०.०३ मिलिग्रॅम असते. गोळीतील संप्रेरक आतड्यातून आधी यकृतात जाते आणि मग रक्तात येते, तर पट्टीतील संप्रेरक कातडीतून सरळ रक्तात उतरते. म्हणूनच उलटी किंवा जुलाब झाले तरी पट्टीचा परिणाम कमी होत नाही. परंतु यकृताचा पहिला फेरा चुकला म्हणजे रक्त गोठण्याचा धोकाही चुकला, असे होत नाही, कारण रक्ताबरोबर हे संप्रेरक यकृतापर्यंत पोहोचतेच आणि तेथे गोठण्याचे घटक वाढवतेच.

उलट, या पट्टीत आठवडाभर रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी सारखी टिकून राहते. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीशी तुलना केली तर पट्टीतील सर्वोच्च पातळी सुमारे २५ टक्के कमी असते, पण एकंदर शरीराला मिळणारे इस्ट्रोजेन सुमारे ६० टक्के अधिक भरते. अमेरिकेत या पट्टीला २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि २००५ मध्ये तिच्या माहितीपत्रकात हा इशारा घालावा लागला. रक्ताच्या गुठळीविषयी युरोपातील औषध नियामकांचे आकडे असे आहेत की, गर्भवती नसलेल्या आणि असे कोणतेही साधन न वापरणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इस्ट्रोजेन अशा दोन संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना आणि ही पट्टी लावणाऱ्यांत ६ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो, म्हणून निरोगी स्त्रीने या आकड्यांनी दचकून जाण्याचे कारण नाही. ज्यांना मनाई आहे त्यांनी मात्र ‘ही तर नुसती चिकटपट्टी आहे’ म्हणून ती हलक्यात घेऊ नये. उच्च रक्तदाब, पूर्वी झालेली गुठळी, ३५ वर्षांनंतरचे धूम्रपान, नुकतेच झालेले बाळंतपण ही त्यांतील नेहमी आढळणारी कारणे आहेत. वजन ९० किलोंच्या वर असल्यास पट्टीचा परिणामही कमी पडू शकतो.

परिणामकारकतेविषयी एक गोष्ट सांगते. अगदी नियमाने वापरल्यास वर्षभरात हजारात ३ जणींनाच गर्भ राहतो, परंतु प्रत्यक्ष व्यवहारात, विसरणे-सुटणे धरून, हे प्रमाण १०० जणींत सुमारे ७ आहे. गोळीचेही तेवढेच आहे. पट्टीने विसरण्याची संधी कमी होते, ती नाहीशी होत नाही.

तेव्हा माझा आग्रह असा की, बहिणीने पट्ट्या आणण्याचा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या डॉक्टरांना दोन-तीन दिवसांत भेटा, रेषा दिसतात हे या धाग्यावर सांगितले तितक्याच स्पष्टपणे त्यांना सांगा, आणि सध्याच्या गोळीतही इस्ट्रोजेन असण्याची शक्यता फार असल्यामुळे ती बंद करून तोपर्यंत कंडोम वापरा. गोळ्या देताना तुम्हाला ‘डोके दुखते का’ असे विचारले असेल आणि तुम्ही ‘कधी कधी’ म्हणाला असाल. माझ्या दवाखान्यातही हे घडते, म्हणून मी आता ‘आधी डोळ्यांना काही दिसते का’ असा थेट प्रश्न विचारते. हातापायात अचानक अशक्तपणा, बोलताना अडखळणे, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, पोटरी एका बाजूने सुजणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास वेळ न घालवता रुग्णालयात जावे.

तुम्हाला रोजची आठवण नको, उलटीने वाया जाणारे औषध नको आणि दोन वर्षांनी मूल हवे, या तिन्ही गोष्टी तांबीत बसतात. तिच्यात संप्रेरक नसते, त्यामुळे अर्धशिशीचा अडसर येत नाही. कॉपर टी ३७५ पाच वर्षे आणि ३८० ए दहा वर्षे चालते, ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य बसवून मिळते आणि पाहिजे तेव्हा काढता येते. पहिले मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे वाक्य खरे नाही. अंतरा हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन इस्ट्रोजेनविरहित आहे, परंतु ते थांबवल्यावर गर्भ राहण्यास काही महिने उशीर होतो, आणि तुमचा बेत पाहता तो उशीर तुम्हाला नको असेल. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरक नसलेली गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तीत पुन्हा लक्षात ठेवणे आले.

सदाशिवचा औषधविक्रेता

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली आहे, म्हणून मी केवळ दुकानाच्या बाजूने लिहितो. ही पट्टी माझ्या दुकानात आजवर नियमित आलेली नाही आणि सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातील साधनांतही ती नाही. त्यामुळे कोणी परदेशातून आणून सुरू केली तर पुढचा डबा कोठून येणार, हे सुरू करण्यापूर्वीच ठरलेले असावे. एका डब्यात तीन पट्ट्या, म्हणजे २८ दिवसांचा पुरवठा असतो, आणि वर्षाला असे तेरा डबे लागतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘हार्मोनची पट्टी’ एवढेच म्हणून चौकशी केल्यास रजोनिवृत्तीच्या त्रासावरील, फक्त इस्ट्राडायॉल असलेली पट्टी हाती पडण्याचा संभव असतो. तिने गर्भधारणा टळत नाही. नावावर न जाता घटक वाचून घ्यावेत. तसेच क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू असेल तर पट्टी आणि गोळी दोन्हींचा परिणाम घटतो, हे आम्हाला विचारल्याखेरीज बहुतेक कोणी सांगत नाही.

ज्यांच्याकडे पट्ट्या आहेत त्यांनी त्या उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बंद पाकिटातच घरातील थंड, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. वापरलेल्या पट्टीत बरेच संप्रेरक शिल्लक असते, म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि सॅनिटरी पॅडप्रमाणे वेगळी गुंडाळून द्यावी, शौचालयात टाकू नये.

आणि रानजाई, तुम्ही प्रश्न अर्धवट सोडून दुकानातून बाहेर पडलात, हे वाचून मला वाईट वाटले. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी हेच काम कित्येक वर्षे उघडपणे केले. तरीही आज एका सुशिक्षित स्त्रीला गिऱ्हाइकांसमोर हा प्रश्न विचारता येत नसेल, तर ती आम्हा दुकानदारांची उणीव आहे. चिठ्ठीवर लिहून द्या किंवा बाजूला बोलवा, कोणताही चांगला विक्रेता शांतपणे ऐकून घेईल.

रानजाई

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. प्राजक्त यांचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी गोळ्या थांबवल्या आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेले. रेषा दिसतात हे मी कागदावर चित्र काढून दाखवले. त्यांनी रक्तदाब तपासला, तो व्यवस्थित आहे. इस्ट्रोजेन असलेले काहीही यापुढे घ्यायचे नाही, असे त्यांनी माझ्या फाइलवर ठळक अक्षरांत लिहून दिले, आणि पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेले तरी हे आधी सांगायचे, असे बजावले. वर्षभर मी त्याच गोळ्या घेत होते, हे आठवले की अजूनही अस्वस्थ वाटते.

बहिणीला फोन करून पट्ट्या आणू नकोस म्हणून कळवले. बोलता बोलता तिला रेषांविषयी विचारले. तिला डोकेदुखीचाच त्रास नाही, त्यामुळे तिची पट्टी तिला लाभते आहे.

येत्या पाळीत तांबी बसवायचे ठरले आहे. माझे हिमोग्लोबिन १०.८ आहे आणि तांबीने अंगावरून जास्त जाते असे ऐकले, म्हणून तेवढा एक प्रश्न राहिला आहे. तगर, तुम्हाला याचा त्रास झाला का?

तगर

पहिल्या चार पाळ्या जड गेल्या आणि दिवसही वाढले, नंतर पूर्वीसारखे झाले. मला डॉक्टरांनी सुरुवातीलाच लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. महिना झाल्यावर तांबी जागेवर आहे का, हे तपासून घ्या आणि तिचा दोरा पाळीनंतर बोटाला लागतो का, हे स्वतःही पाहत जा.

प्राजक्त

पाळी जड होण्याचा त्रास बहुतेक जणींना तीन ते सहा महिने होतो. १०.८ हिमोग्लोबिन असताना तांबी बसवण्यास हरकत नाही, परंतु लोहाच्या गोळ्या आतापासूनच सुरू करा, त्या चहाबरोबर घेऊ नका, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. ते उतरत असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेले गर्भाशयातील साधन बसवता येते. त्याने पाळी उलट कमी होते आणि त्यात इस्ट्रोजेन नसते.